चार नंबर बराकीचे पहारेकरी

तुरुंगात देवापेक्षा मोठी एकच गोष्ट असते, ती म्हणजे गिनती. सकाळी बराक उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना माणसं जोडीजोडीनं उकिडवी बसतात, हवालदार जोड्या मोजत जातो आणि फाटकावरच्या फळ्याशी आकडा जुळला की मगच पुढचं सगळं. आकडा एकानं चुकला तर अधीक्षकांनाही जेवायला जाता येत नाही. सावरखेडच्या कारागृहात सव्वीस वर्षं मी औषधं वाटली. कागदोपत्री मी औषधनिर्माता, कैद्यांच्या तोंडी 'डाक्टरसायेब'. खरे डॉक्टर आठवड्यातून एकदा येत आणि सह्या करून जात. माझं नाव मधुकर निंभोरकर. हे सगळं मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाहीये, कारण मला बाजू नाही.

निळ्या तापाची साथ सुरू झाली तेव्हा मी निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस होतो. या तापात तिसऱ्या-चौथ्या दिवशी नखं निळी पडत, म्हणून लोकांनी ते नाव दिलं होतं. साथ पहिल्यांदा येऊन ओसरली होती, पण विषाणू दर काही महिन्यांनी रूप बदलून परत येत होता, आणि दवाखान्यात पहिला रुग्ण दिसेपर्यंत तो निम्म्या शहरात पसरलेला असे. सगळ्यांना हवी होती ती आगाऊ खबर.

ती खबर देणारं यंत्र घेऊन डॉ. सुमेधा पाळंदे आमच्याकडे आल्या. राज्याच्या साथ-निरीक्षण केंद्रातल्या बाई, वय चाळिशीचं, आवाज शांत. दवाखान्यातल्या बाकावर बसून त्यांनी मला एका पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी दाखवली. तिचं सरकारी नाव 'प्रहरी'. त्या म्हणाल्या, घरात चोर शिरला की घरची माणसं उठायच्या आधी कुत्रं भुंकतं ना, तसंच शरीराचं आहे. विषाणू पेशीत शिरला की काही तासांत ती पेशी शेजारणींना सावध करणारी प्रथिनं सोडते. ताप, खोकला, निळी नखं हे सगळं चार-पाच दिवसांनंतर. पट्टीच्या खालच्या बाजूला केसाहून बारीक पोकळ सुया आहेत, त्या कातडीतला द्रव शोषतात आणि अशा अकरा प्रथिनांचं प्रमाण दर तासाला कळवतात. प्रत्येक विषाणूवर शरीराचं भुंकणं वेगळं, त्यामुळे नवीन रूप आलं तरी ते ओळखू येतं.

मग ही शहरातल्या लोकांनाच का लावत नाही, असं मी विचारलं. त्या हसल्या. एका माणसाची पट्टी चुकू शकते, म्हणाल्या, पण शे-दीडशे माणसं एकत्र असतील आणि कोण कोणाशेजारी झोपतं हे ठाऊक असेल तर चूक उरत नाही. शहरातले लोक पट्टी काढून ठेवतात, अंघोळीत विसरतात, लग्नाला गावी जातात. अशी जागा हवी जिथं माणसं दिवसातून दोनदा मोजली जातात.

चार नंबर बराक निवडली ती यासाठीच. तिथं चांगल्या वर्तणुकीचे शिक्षा झालेले कैदी राहत. ते स्वयंपाक करत, ताटं वाढत, ब्लँकेटं धूत. शहराच्या प्रत्येक कोपऱ्यातून रोज नवे कच्चे कैदी आत येत आणि त्या प्रत्येकाला पहिलं ताट चार नंबरवाला वाढी. म्हणजे शहरात जे काही येईल ते आधी ताटावरून चार नंबरला पोचणार. साठ माणसांच्या त्या बराकीत एकशे त्रेसष्ट जण कुशीला कूस लावून झोपत होते, आणि ही गर्दी पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडणार होती.

पट्टी लावून घेणाऱ्याला पंधरा दिवसांची माफी, म्हणजे शिक्षेत तेवढी सूट. अर्ज लिहिले गुलाब डाखोरेनं. प्रत्येक तुरुंगात एक रायटर असतो, लिहितावाचता येणारा जुना कैदी, जो इतरांचे अर्ज, पत्रं, अपिलं लिहून देतो. गुलाब जन्मठेपेचा. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात त्याच्या हातून चुलतभाऊ मेला होता. तेरा वर्षं काढून झाली होती आणि सुटकेला साधारण वर्षच उरलं होतं. त्यानं एका सकाळीत सगळे अर्ज लिहिले, शंभरावर अंगठे घेतले, आणि सोबतची इंग्रजीतली बारा पानं न वाचता प्रत्येक अर्जाला टाचली. ती मीही वाचली नाहीत.

पट्ट्या मी लावल्या. मला एक सवय आहे. कोणालाही सुई टोचली की मी म्हणतो, "झालं, आता घोर नाही." लहान मुलांना म्हणायचो, तेच कैद्यांनाही म्हणत आलो. पट्टीही दाबताना जराशी टोचायची. त्या दिवशी मी ते वाक्य एकशे त्रेसष्ट वेळा म्हणालो.

दवाखान्यातल्या संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक पट्टीचा एक ठिपका दिसे. दोन महिन्यांनी चार नंबरमधले सात ठिपके लाल झाले. कोणालाही शिंकसुद्धा आलेली नव्हती. दुसऱ्याच दिवशी शहरातले बाजार, शाळा, मंगल कार्यालयं बंद झाली. दवाखान्यात पहिला रुग्ण आला तो नऊ दिवसांनी. शेजारच्या जिल्ह्यात सरणाला लाकडं मिळत नव्हती आणि आमच्या शहरात एकंदर चाळीस माणसं गेली. त्यातले सहा चार नंबरचे; त्यांच्या जागी दुसऱ्या बराकींतून सहा जण आणून त्यांनाही पट्ट्या लावल्या. पेपरात ते सहा आले नाहीत, शहर वाचलं ही बातमी आली. माझी मुलगी तृप्ती शहरात सासरी होती, नुकतेच दिवस गेलेले. बायकोनं, शैलानं, देवासमोर दिवा लावला आणि म्हणाली की तुमच्या हातून पहिल्यांदा काहीतरी मोठं झालं. खरं सांगायचं तर मलाही मूठभर मांस चढलं.

पावसाळा संपताना लस आली. डोस थोडे होते, पण गर्दीच्या बंद जागांना आधी द्या असा न्यायालयाचा आदेश होता, म्हणून तुरुंगाचा नंबर लवकर लागला. गरोदर बायकांचा क्रम अजून यायचा होता. एक नंबरपासून अकरा नंबरपर्यंत सगळ्या बराकींना मी लस टोचली. फक्त चार नंबरचे डोस आले ते वेगळ्या खोक्यात, वर 'राखीव' असा शिक्का आणि सोबत पत्र की पुढील आदेशापर्यंत देऊ नयेत.

मला वाटलं कारकुनी चूक असेल. डॉ. पाळंदेंना फोन केला. चूक नव्हती. लस घेतलेल्या शरीरात विषाणू शिरल्या शिरल्या मारला जातो, त्या म्हणाल्या, भुंकायची वेळच येत नाही. चार नंबरला लस दिली की पट्टी मुकी होईल. दुसऱ्या पद्धतीचं यंत्र तयार होतंय, सहा आठवडे थांबा. मी विचारलं, आणि या सहा आठवड्यांत आलाच नवा ताप तर? त्या म्हणाल्या, "निंभोरकर, शहरात तेरा लाख माणसं आहेत. मला हे आवडतं असं समजू नका."

तेरा लाखांतली एक तृप्ती होती. मी खोकं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली.

चार नंबरवाले भांडायला येतील असं मला वाटलं होतं. सगळ्या तुरुंगाला लस मिळते आणि आपल्याला नाही, हे आठ-दहा वर्षं आत काढलेला माणूस मुकाट्यानं सोसत नाही; डाळ पातळ झाली तरी तिथं उपोषणं होतात. पण कोणी हूं की चूं केलं नाही. हे मला खटकायला हवं होतं. मी मात्र सुटकेचा श्वास टाकला.

आठवड्याभरानं केंद्रातून विचारणा आली. चार नंबरमधल्या अठ्ठ्याऐंशी आणि एकोणनव्वद या दोन पट्ट्या तंतोतंत सारखं दाखवत होत्या, जणू दोन्ही एकाच अंगावर आहेत. तपास करा. मी मुखपट्टी, हातमोजे चढवून दुपारी बराकीत गेलो. एकोणनव्वद नंबर म्हणजे महादेव तात्या, पंच्याहत्तरीचे, फुप्फुसं जुन्या क्षयानं पोखरलेली. त्यांच्या दंडावर एकाखाली एक दोन पट्ट्या होत्या. अठ्ठ्याऐंशी नंबर गुलाबचा, आणि त्याचा दंड मोकळा.

मी चिडून विचारलं, हा काय पोरखेळ आहे. गुलाब तात्यांचे पाय दाबत बसला होता. तो संकोचानं उभा राहिला.

"म्हाताऱ्याले लय दम लागून रायला सायेब. म्हनलं आपल्या अंगात औषध चांगलं मुरलं हाय आता. चार दिस याले डबल भेटू द्या."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, कसलं औषध? तो माझ्याकडे असा पाहत राहिला की मीच काहीतरी विसरतोय. मग समजावून सांगितल्यासारखा म्हणाला की बाकीच्यांची लस आता आली, आमची तुम्ही आधीच दिली ना, टोचून, आता घोर नाही म्हणत; ते सहा गेले ते औषध मुरायच्या आधी. आम्ही पहिल्या नंबरचे. बाकीच्या बराकी जळतात आमच्यावर.

आजूबाजूचे आठ-दहा जण कौतुकानं मान हलवत होते. पण त्याचं संपलं नव्हतं. दर चौदा दिवसांनी मी पट्ट्या बदलायचो आणि जुन्या मोजून केंद्राला पाठवायचो. त्यात पाच-सहा नेहमी कमी भरत, मी त्या 'अंघोळीत निघाल्या' असं लिहीत असे. त्या कुठं जात ते गुलाबनं आपणहून सांगितलं. पत्राच्या पाकिटात घालून घरी. साथीच्या भीतीनं पत्रं उघडून बघायला कोणी धजत नव्हतं. त्याची लेक सुनंदा शहरातल्या वीटभट्टीमागच्या वस्तीत राहायची, तिला तीन पोरं. तिन्ही पोरांना त्यानं एकेक पट्टी पाठवली होती, धुऊन, तांदळाच्या खळीनं चिकटवायची असं लिहून.

"आता पोरं भेव न ठेवता खेळतात म्हने," तो म्हणाला. "तुमचे उपकार हायेत सायेब."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. शब्द तोंडात होते. मी तात्यांच्या दंडावरची एक पट्टी काढली, गुलाबच्या दंडावर लावली, आणि ज्याची पट्टी त्याच्याच दंडावर ठेवा असं दटावून बाहेर आलो. माझी लाज मला अजून आठवते, तशीच्या तशी.

घरी शैलाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि मग विचारलं की लस दिलीत तर नवा ताप आल्याचं कधी कळेल. मी म्हणालो, नऊ दिवस उशिरा. तृप्तीला आठवा लागला होता. शैला ताटं उचलून आत गेली. मी तिला दोष देत नाही. तिनं काही म्हणावं याची मीच वाट बघत होतो, म्हणजे जबाबदारी दोघांत वाटली गेली असती. सुनंदेला निदान निनावी चिठ्ठी तरी टाकावी असं ठरवलं आणि तीही टाकली नाही. असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी अकरा ठिपके लाल झाले. शहर दुपारपर्यंत बंद झालं. मंत्र्यांनी केंद्राचं अभिनंदन केलं, पाळंदेबाईंनी माझं. मी विचारलं, आता तरी? खबर तर मिळाली. लागण झाल्यावर तीन दिवसांच्या आत लस दिली तर बहुतेक माणसं वाचतात हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्या म्हणाल्या की आता तर मुळीच नाही. हे नवं रूप किती वेगानं पसरतं हे पुढच्या दोन आठवड्यांतच कळेल, त्यावर शहर किती दिवस बंद ठेवायचं ते ठरेल. त्यांचा आवाज थकलेला होता. त्यांनी लेखी आदेशही पाठवला.

तिसऱ्या दिवशी पहाटे तात्या गेले; त्या पोखरलेल्या फुप्फुसांनी ताप चढायची वाटही पाहिली नाही. बराकीचं दार बंद, गिनतीला अजून तासभर अवकाश, त्यामुळे चार नंबरवाल्यांनी त्यांना तसंच चादर ओढून ठेवलं होतं. दार उघडल्यावर सगळे नेहमीसारखे जोड्यांनी बसले. तात्यांची जोडी गुलाबशी असायची. गुलाब एकटाच उकिडवा बसला होता, शेजारची जागा रिकामी सोडून. हवालदारानं मोजलं, एकशे बासष्ट, आणि प्रेताकडं बोट करून एकशे त्रेसष्ट. आकडा जुळला. मी दवाखान्याकडं परत फिरलो, फ्रिज उघडला आणि राखीवचं खोकं बाहेर काढलं.

हवालदाराला मी सांगितलं की आदेश आला आहे. सव्वीस वर्षांत मी त्याच्याशी खोटं बोललो नव्हतो, त्यानं विचारलंही नाही. बराकीच्या मधोमध उभा राहून मी खरं ते सगळं सांगितलं. ही पट्टी औषध नाही, ती फक्त चुगली करते. तुम्हाला ताप येतो का हे बघायला तुम्हाला उघडं ठेवलंय, म्हणजे शहराला आधी कळावं. लस दोन आठवड्यांपासून माझ्या फ्रिजमध्ये आहे. घरी पाठवलेल्या पट्ट्या म्हणजे नुसता चिकट कागद. अकरा जणांना लागण झाली, त्यातले तात्या गेले; बाकीच्यांना लस लागू पडायची ही शेवटची वेळ.

मागून एकानं हळूच विचारलं की आमच्या पोरांचं काय. मग एक जण उठला, बाही वर केली आणि माझ्यासमोर आला. त्याच्यामागं रांग लागली, जोडीजोडीनं, सवयीप्रमाणं. मी टोचत गेलो. ते घोर नसल्याचं वाक्य या वेळी तोंडातून काढलं नाही.

गुलाब रांगेत नव्हता. आणखी काही जण त्याच्याभोवती बसले होते, सगळे शहरातल्या वस्त्यांतले. तो लिहीत होता. माझं काम आटोपत आलं तसा तो कागद घेऊन आला.

"सायेब, आमाले लस देल्ली तं भाईर खबर कोन देनार?"

मी म्हणालो, तो तुझा प्रश्न नाही. बाही वर कर.

"माया पोरीनं पोराइले मोकळं सोडलं ते मायाच चिठ्ठीनं. तिच्या वस्तीत लस कवा येनार, तुमाले मालूम हाय का?" तो थांबला. त्याला राग होता, पण तो माझ्यापुरता नव्हता. "इतक्या दिसात आमाले कोनी इचारलं नाई. आज तुमी सांगतलं, म्हनजे इचारल्यासारखंच हाय. मंग आता मी सांगतो. बाकीच्याइले द्या. आमाले नोका देऊ."

मी त्याला खूप समजावलं. शेवटी हात जोडले. त्यानं माझे जोडलेले हात खाली केले आणि कागद दिला. त्यावर त्याच्या गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: मी राजीखुशीनं, समजून उमजून, कोणत्याही माफीची अट न घालता, लस न घेता पट्टी ठेवतो आहे. बाहेर लेकरं आहेत. त्यांना आधी कळावं एवढीच इच्छा. खाली एकोणीस नावं. या वेळी अंगठे नव्हते, गुलाबनं प्रत्येकाला आपापलं नाव गिरवायला लावलं होतं. सुनंदेला त्यानं वेगळी चिठ्ठी लिहिली, ती मी त्याच दिवशी स्वतः नेऊन दिली. तिची तिन्ही पोरं ठीक होती. तिनं त्यांना घरात ओढलं आणि माझ्या तोंडावर दार लावलं.

मला दुसऱ्या दिवशी निलंबित केलं. ज्या एकशे त्रेचाळीस जणांना लस दिली त्यातले दोन गेले, बाकी तगले. एकोणिसांतल्या सात जणांना पुढच्या महिन्यात ताप आला. त्यांच्या पट्ट्यांनी शहराला दोनदा सावध केलं. गुलाब सव्विसाव्या दिवशी गेला, सुटकेला चार महिने असताना. मला आत जाऊ दिलं नाही. फाटकावरच्या हवालदारानं सांगितलं की शेवटी तो सारखा नखं बघत होता.

चौकशीच्या दिवशी डॉ. पाळंदे साक्षीला आल्या होत्या. बाहेरच्या व्हरांड्यात त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, झापतील. त्या म्हणाल्या, "एकोणीस पुरले. आकडेवारी जवळपास तेवढीच नेमकी आली. दीडशे जणांची लस थांबवायची गरजच नव्हती." आणि मग, माझ्याकडं न बघता, "मी आधी एकोणीस घेऊन बघायला हवं होतं."

त्या रडल्या नाहीत. मला त्यांच्या कानाखाली मारावीशी वाटली आणि त्यांची कीवही आली. पुढं केंद्रानं या सगळ्यातून काय धडा घेतला ते मला घरबसल्या पेपरात वाचायला मिळालं. योजना राज्यभर वाढवणार होते. आता प्रत्येक ठिकाणी फक्त एकोणीस माणसं, आणि तीही स्वेच्छेनं. जिथं माणसं रोज मोजली जातात आणि आपल्या मर्जीनं बाहेर जाऊ शकत नाहीत अशा जागांची यादी होती: कारागृहं, वृद्धाश्रम, आश्रमशाळा, मनोरुग्णालयं, प्रसूतिगृहं.

तृप्तीला मुलगी झाली. साथीमुळं आम्हाला तिकडं जाता आलं नाही. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. बाळ दूध पितंय, टाके ओढतात, जेवण बेचव आहे, असं सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली की बाबा, लसीचा माझा नंबर आला होता, पण मी थोडी थांबलेय. वॉर्डात एकोणीस जणी हव्या होत्या. नर्सनं फॉर्म दिला, तुमच्याच तुरुंगातून सुरू झालेली योजना आहे म्हणाली. मला इतका अभिमान वाटला.

मी विचारलं, फॉर्मवर काय लिहिलंय.

"थांबा, वाचते. छापील आहे, पण मजकूर किती साधा. मी राजीखुशीनं, समजून उमजून, कोणत्याही माफीची अट न घालता... बाबा, माफी कसली हो? मी काय गुन्हा केलाय?" ती हसली. "आणि शेवटचं ऐका. बाहेर लेकरं आहेत. त्यांना आधी कळावं एवढीच इच्छा. खाली नावासाठी रिकामी रेघ. हे वाचून मला रडूच आलं, मी लगेच सही केली."

पलीकडं बाळ रडायला लागलं. मी तिला म्हणालो की तृप्ती, दंडावरची पट्टी आत्ताच्या आत्ता काढ, बाळाला घे आणि तिथून बाहेर पड.

ती म्हणाली, बाबा, वॉर्डाला बाहेरून कुलूप आहे.